भोंगा वाजला की हात जोडायचे

चहा आधी संपवा बघू. घोट तोंडात असताना हे ऐकलंत तर ठसका लागेल. मागे आमच्या मिश्रा भाभींना लागला होता, माझा पांढरा टेबलक्लॉथ कायमचा चहाच्या रंगाचा झाला.

संपला? मग मला सांगा, मंत्र्याची भक्तीण म्हणून तुमच्यापैकी कुणाचा पेपरात फोटो आलाय? माझा आलाय! मी, दर रविवारी चर्चच्या तिसऱ्या बाकावर बसणारी ख्रिस्ती बाई. भरचौकात, डोळे मिटून, हात जोडून, मंत्र्याच्या गाडीपुढे उभी!

थांबा, हसू नका एवढ्यात. अजून काहीच झालेलं नाही.

माझं नाव शांता. ज्यांनी ठेवलं त्यांना काय कल्पना! काळजी करायची झाली तर मी अख्ख्या टाउनशिपची एकटी करीन. श्रीरामपूरकडची मी, सातवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न होऊन इथे भोपाळला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आले. आमचे हे फॅक्टरीत क्रेन चालवतात. रस्त्यावरची नव्हे हो. शेडच्या पार आढ्यापाशी रुळांवरून सरकते ती. हे वर केबिनमध्ये बसणार, आणि खाली साखळदंडाला तो भला थोरला हूक.

नवं नवं लग्न झालं तेव्हा ह्यांनी हौसेने त्या हुकाचं वर्णन करून सांगितलं. झालं! त्या दिवसापासून तो हूक माझ्या डोक्यात लोंबकळायला लागला. पोळी लाटताना हूक. रिबूची वेणी घालताना हूक. (रिबू म्हणजे आमची रिबेका, तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती.) शेजारच्या मिश्रा भाभींनी लोणचं आणून दिलं तरी मी बरणीकडे बघत म्हणणार, "भाभी, ये साखळी टूटती तो नहीं ना कभी?"

"कौन सी साखळी, शांता? ये तो आम का अचार है!"

त्यात फॅक्टरीचा भोंगा. सकाळी ड्युटी सुरू होताना, जेवणाच्या सुट्टीला आणि संध्याकाळी सुटताना वाजतो. अख्खी टाउनशिप त्यावर घड्याळं लावते. पण एकदा तो भलत्याच वेळी वाजला. आता या शहरात भोंग्याला दचकणारी मी एकटीच नाही. पण इतरांच्या दचकण्यामागे गॅसगळतीच्या त्या रात्री पाहिलेलं, सोसलेलं आहे. माझ्यामागे नुसता हूक! मी जी धावले म्हणता! हाताला कणीक, कडेवर रिबू, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात सासूबाईंची. थेट फॅक्टरीच्या गेटवर.

"भैया! क्या हुआ? कौन गिरा?"

गेटवरचा शिपाई शांतपणे तंबाखू मळत होता. "कोई नहीं गिरा भाभी. सायरन सुधरवाया है, टेस्टिंग चल रही है."

"पक्का?"

"पक्का. अब आप घर जाओ, आटा सूख रहा है."

संध्याकाळी हे घरी आले ते तोंड पाडून. "शांता, सगळी शेड विचारतेय, तुम्हारे यहाँ रोटी गेट पे बनती है क्या!"

ही गोष्ट फिरत फिरत पाळकीणबाईंच्या कानावर गेली. म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या मिसेस. त्या घरी आल्या, माझ्या हातचा शिरा खाल्ला आणि म्हणाल्या, "शांता, तू काळजी करतेस ना, तेवढाच वेळ प्रार्थना कर. रोज. वेळ ठरवून. आणि प्रभू ऐकतोय अशी खात्री धरून कर. तोंडाने प्रार्थना आणि मनात हूक, असं नको."

मला पटलं. म्हटलं, पहाटेची वेळ उत्तम. सगळे झोपलेले, कुणाची कटकट नाही. पहिल्या दिवशी उठले, पलंगापाशी गुडघे टेकले, कपाळ गादीवर ठेवलं, "हे प्रभू" म्हटलं...

डोळे उघडले तेव्हा ऊन पायावर आलेलं! दूधवाला हाका मारून निघून गेलेला. आणि दारात सासूबाई, पदर डोळ्याला लावून ह्यांना सांगतायत, "बघ रे सुधाकर, बघ. तासभर झाला, हलली नाही पोर. अशी प्रार्थना मला जन्मात जमली नाही."

मी हळूच "आमेन" म्हणून उठले. गालावर चादरीची नक्षी उमटली होती.

मग दुपार धरून पाहिली. दुपारी नळ येतो. रात्र धरली, तर रिबू गोष्टीशिवाय झोपत नाही आणि गोष्ट सांगता सांगता मीच आधी झोपते. आईपणाला वेळच नसते हो! असं करता करता एकदा भाजी फोडणीला टाकली आणि भोंगा वाजला. माझ्या छातीत नेहमीसारखं धस्स झालं. आणि त्याच क्षणी डोक्यात प्रकाश पडला.

अगं शांते! दूध उतू जाईल, नळ येईल, पोर रडेल, पण हा भोंगा कधी चुकायचा नाही. आणि नेमका तो वाजला की तुझा जीव खाली-वर होतो. मग तेव्हाच का नाही?

तेव्हापासून नियम. भोंगा वाजला की हातातलं काम जिथल्या तिथे सोडायचं, डोळे मिटायचे, हात जोडायचे. "प्रभू येशू, ह्यांना सांभाळ. हुकाला धर. ज्यांच्या घरचं माणूस आत आहे त्या सगळ्यांना सांभाळ. आमेन." भोंगा थांबेपर्यंत आपलं आटोपतं.

रिबूलाही शिकवलं. आणि पोरीने काय उचललं म्हणता! मी निदान गॅस बारीक करायची. ही झोक्यावर असली तर झोक्यावरच हात सोडून जोडणार! दोनदा आपटली. पण गुडघा चोळत, "पप्पांना सांभाळ, आमेन" पुरं करूनच रडायला सुरुवात.

खोटं वाटेल, पण हळूहळू हूक गेला. म्हणजे फॅक्टरीत होता तिथेच होता, माझ्या डोक्यातून गेला. भोंगा वाजला की धस्स व्हायच्या ऐवजी आत कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटायचं. सवय इतकी अंगात मुरली की कान ऐकायचे आणि डोळे आपोआप मिटायचे. डोक्याला विचारायचेच नाहीत.

आणि तिथेच घात झाला!

रिबूला शाळेचे बूट घ्यायचे होते. मिनीबसने जवाहर चौकात गेलो. बघते तर रस्ता अडवलेला. पोलिसांनी दोर धरलेला, अलीकडे माणसं, सायकली, स्कुटरी, सगळे घामाघूम. कुणीतरी मोठा माणूस जाणार होता. राजधानीचं शहर, इथे रोज कुणी ना कुणी मोठा माणूस जातच असतो. लोक त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

"अरे, इनके लिए सड़क बनती है कि हमारे लिए?"

"चुनाव आने दो, बताते हैं इनको!"

आम्ही दोघी धक्के खात खात दोराच्या अगदी पुढे येऊन पोचलो. तेवढ्यात दुरून आवाज. ऊंऽऽऽऽ!

झालं. डोक्याला विचारलंच नाही! डोळे गप्पकन मिटले, पिशवी काखेत, हात जोडलेले. शेजारी रिबूचेही. आता एकदा सुरू केलं ते अर्धवट कसं सोडणार? आणि हा भोंगा काही थांबेना! फॅक्टरीचा निदान ठरल्या वेळात थांबतो. हा आपला जवळ जवळ येतोय आणि वाढतोच आहे. म्हणून मीही प्रार्थना लांबवली. ह्यांना सांभाळ, सासूबाईंचे गुडघे सांभाळ, माहेरच्यांना सांभाळ. भाऊ आठवला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मग आवाज थांबला. मी "आमेन" म्हटलं आणि डोळे उघडले.

समोर पांढरी गाडी. गाडीतून उतरलेला पांढराशुभ्र कुर्ता. कुर्त्यावर झेंडूचा हार, हारावर हसरा चेहरा. अगदी हातभर अंतरावर मंत्री! त्याचेही हात जोडलेले!

"बहनजी," तो भरल्या गळ्याने म्हणाला, "इतनी श्रद्धा! आँखों में आँसू! हम तो धन्य हो गए."

मला सांगा, अशा वेळी काय बोलायचं असतं? मी म्हटलं, "जी... जूते लेने आए थे."

त्याने ते ऐकलंच नाही. गळ्यातला हार काढून रिबूच्या गळ्यात घातला, तो पोरीच्या पायापर्यंत आला. "बेटी, तुम किसके लिए प्रार्थना कर रही थीं?"

"पापा के लिए," रिबू म्हणाली.

"सुना?" मंत्री मागे वळून गरजला. "सुना आपने? बच्ची हमको पापा मानती है!"

टाळ्या! फटाफट फोटो! मंत्र्यामागच्या कुर्तेवाल्यांनी घोषणा सुरू केल्या, मगाशी बोटं मोडणारे लोक माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की मी बूट न घेताच मिनीबस धरली. रिबू वाटभर हारातली फुलं तोडून कंडक्टरला वाटत होती.

म्हटलं, मिटलं असेल. कोण आपल्याला ओळखतंय!

सकाळी मिश्रा भाभी पेपर नाचवतच आल्या. "शांता! छुपी रुस्तम! बताया नहीं मंत्रीजी से इतनी पहचान है!" पहिल्या पानावर मी. डोळे मिटलेले, गालावर अश्रू, काखेत रिकामी पिशवी. वर मोठ्या अक्षरांत, "जनता की आस्था".

मी झालेला प्रकार सांगितला. टेबलक्लॉथ गेला तो याच वेळी.

पण बाकीची टाउनशिप कुठे ऐकायला बसलीय? दुपारपर्यंत दारात रांग! एकीला नवऱ्याची बदली थांबवायची होती. एकाला मोठं क्वार्टर हवं होतं. एक काका तर म्हणाले, "बेटी, बस हमारी नाली का बोल देना, छह साल से चोक है." मी म्हणायची, "अहो, मी ओळखत नाही त्यांना!" तर ते आपसांत म्हणायचे, "कितनी सादी औरत है, घमंड नहीं है बिल्कुल."

संध्याकाळी मंत्र्याचे दोन कुर्तेवाले येऊन गेले. मी नळावर होते. सासूबाई भेटल्या. त्यांनी विचारलं, बहनजी पूजापाठ कुठे करतात? सासूबाईंना चर्चचा केवढा अभिमान! त्यांनी पत्ता, उपासनेची वेळ, बसायचा बाक, सगळं सांगितलं. वर लाडू दिले.

आणि ते गेल्यावर पेपर बघून मला म्हणाल्या, "शांता, ख्रिस्ती माणसाने माणसापुढे असं उभं राहावं? मंडळीत तोंड कसं दाखवू मी?"

"अहो आई, मी प्रभूपुढे उभी होते. मध्ये ते आले!"

हे तर त्याहून वैतागलेले. "शेडमध्ये सगळे मला मंत्र्याचा जावई म्हणतायत. सुपरवायझर मला खुर्ची देतो! बास झालं, शांता. ते भोंग्याला हात जोडणं आजपासून बंद. प्रार्थना करायची तर घरात, दार लावून."

आणि इथे मात्र, खरं सांगते, मला हसू येईना.

कारण मी ऐकलं त्यांचं. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला, मी हात पदरात घट्ट धरून ठेवले. रिबू हात जोडून माझ्याकडे बघत राहिली, "मम्मी, तू नाही करायची?" मी म्हटलं, "नंतर करू." नंतर कुठला हो! नंतर नळ आला. संध्याकाळपर्यंत हूक परत आला होता, पहिल्यापेक्षा मोठा. लाटण्यावर हूक, उशीवर हूक. आठवडाभरात मी परत लोणच्याच्या बरणीकडे टक लावून बसायला लागले. एवढ्या मुश्किलीने लागलेली सवय, आणि आता तीही हातची जाणार होती.

शनिवारी पाळकसाहेबांनी बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "शांता, लोक काहीबाही बोलतायत. उद्या उपासनेत उभी राहा आणि घडलं ते साक्ष म्हणून सांग. शेवटी मोठ्याने एक प्रार्थना कर, म्हणजे झालं."

"साहेब, मी? सगळ्यांसमोर? मोठ्याने?"

अहो, आमच्या मंडळीतल्या बायका काय सुंदर प्रार्थना करतात! एकेक शब्द असा की पुस्तकात छापावा. आणि मी? हुकाला धर म्हणणारी! आजवर चारचौघांत मी आमेनच्या पुढे तोंड उघडलं नव्हतं.

रविवार उजाडला. चर्च भरलेलं. पाळकसाहेबांनी नाव घेतलं, मी उभी राहिले. आधाराला ह्यांचा खांदा असा दाबून धरला की हे बाकावर तिरके झाले. "मंडळींना सलाम," एवढं म्हटलं. पुढचं सगळं पुसून गेलेलं! पाळकीणबाई खुणेने सांगतायत, बोल, बोल. मी आपलं परत, "मंडळींना सलाम."

आणि तेवढ्यात बाहेर, लांबून, ऊंऽऽऽऽ!

पुढच्या सतरंजीवर संडे स्कूलची मुलं बसलेली. रिबूने हात जोडले, डोळे मिटले. ते एक बरं होतं. पण तिच्याबरोबर सगळ्याच मुलांनी मिटले! आमच्या रिबू बाईसाहेबांनी अख्ख्या संडे स्कूलला शिकवून ठेवलं होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि हळूच मान हलवली. कर म्हणाले.

मी डोळे मिटले. रविवारी फॅक्टरीचा भोंगा वाजत नाही, एवढं मला माहीत होतं. म्हणजे ही अँब्युलन्स. कुणाच्या तरी घरचं माणूस अत्यवस्थ होतं. मग माझी कसली भीती न् कसलं काय! तोंड उघडलं आणि प्रार्थना नळासारखी धो धो यायला लागली.

"हे प्रभू येशू, ज्याच्यासाठी ही गाडी एवढी आक्रोश करत चाललीय, त्या गरीब माणसाला हात दे. तो बेशुद्ध पडलाय प्रभू, त्याला शुद्धीवर आण. त्याला बोललेलं काही कळत नसेल, ऐकू येत नसेल, त्याचे कान उघड. लोकांनी त्याला उचलून धरलंय, ते त्याला पाडणार नाहीत असं कर. त्याच्या डोक्यात काही बिघाड झाला असेल तर तोही दुरुस्त कर. त्याच्या घरच्यांना धीर दे. आणि या आवाजाने जी जी माणसं घाबरतात, त्यांच्या मनातली भीती काढून टाक. तू ऐकतोस, मला पक्कं माहीत आहे. आमेन!"

"आमेन!" अख्खं चर्च दुमदुमलं.

"आमीन!" मागून, दारातून, एक भरदार आवाज आला.

मी डोळे उघडले. पांढराशुभ्र कुर्ता. झेंडूचा हार. मागे फोटोवाले.

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. हे बाकाखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागले. काहीही पडलं नव्हतं.

मंत्री हात जोडून पुढे आला. "बहनजी, मराठी हम पूरी नहीं समझते, पर भाव समझ गए. पादरी साहब, क्या माँगा बहनजी ने हमारे लिए?"

पाळकसाहेबांना खोटं बोलता येत नाही. "जी... वो... आपके स्वास्थ्य के लिए..."

"नहीं," रिबू उभी राहिली. तिचं हिंदी माझ्या मराठीपेक्षा साफ! "मम्मी ने बोला, इनको होश में लाओ. इनको कुछ समझ में नहीं आता, सुनाई नहीं देता, इनका दिमाग ठीक करो. और इनकी गाड़ी चिल्लाती है ना, उससे लोग डरें नहीं."

अहो, धरणीने पोटात घेतलं असतं तर मी रिबूलाही बरोबर घेऊन गेले असते!

मंत्र्याचे जोडलेले हात खाली आले. कुर्तेवाले छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "साहब, मुझे लगा अँब्युलन्स है. सच्ची."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराबाहेरच्या गाडीकडे. आणि मग हसला हो! आधी नाकातल्या नाकात, मग असा मोठ्याने की हारातल्या पाकळ्या गळाल्या. अख्ख्या मंडळीचा बांध फुटला. डोळे पुसत पुसत तो ड्रायव्हरकडे वळला. "अरे, सायरन बंद रखो आज. बहनजी समझ रही हैं हमको अस्पताल ले जा रहे हो!"

जाताना रिबूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बेटी, मम्मी से कहना, ये वाली प्रार्थना जारी रखें."

त्याचं डोकं ठिकाणावर आलं की नाही, मला सांगता यायचं नाही. पण पुढच्या आठवड्यात त्या काकांची नाली मोकळी झाली. आता तुम्हीच ठरवा काय ते!

ह्यांनी बंदी त्याच दुपारी उठवली. जेवता जेवता म्हणाले, "शांता, एक सांगू? मीही करतो. वर केबिनमध्ये. भोंगा झाला की."

"डोळे मिटून?" मी हातातला घास ताटात ठेवला.

"आधी हूक जमिनीला टेकवतो, मग मिटतो! तू खाली घरी हात जोडून उभी असशील, हे माहीत असायचं ना. म्हणून."

परवा तर वीज गेली आणि भोंगा वाजलाच नाही. मी कपडे पिळत होते. मध्येच थांबले, बघते तर ओले हात जोडलेले. सुट्टीची वेळ झाली होती.

तर असं आहे. प्रभू ऐकतो, याची मला आता अगदी पक्की खात्री आहे. फक्त टाउनशिपच्या बाहेर असले की एक डोळा किलकिला ठेवते. आणखी कोण ऐकतंय, तेवढं बघायला.